चकलांबा मुक्कामी

गेवराईत माझं छोटं दुकान आहे. लोक तिथं सातबारा काढायला आणि पीकविम्याचे फॉर्म भरायला येतात. कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या डब्याला काच आहे, आणि बटण दाबलं की आत जांभळे, हिरवे, गुलाबी दिवे आळीपाळीने लागतात. सातबाऱ्याला एवढ्या रोषणाईची गरज नसते. नवं गिऱ्हाईक बिचकून बघतं. जुनं गिऱ्हाईक म्हणतं, "चकलांबा मुक्कामीवर काढ बे, ती बिगीनं काढती."

नाव शेषराव डायवरमुळं पडलं आणि दिवे माझ्यामुळं लागले. शेषराव आता नाहीत. दिवे आहेत. ते बंद कसे करायचे हे मला अजून सापडलेलं नाही.

शेषराव आमच्या समोरच्या घरात राहायचे. गल्लीचे ते बप्पा. उभी हयात त्यांनी एसटीची लाल गाडी चालवली, आणि त्यातलीही शेवटची कितीतरी वर्षं एकच फेरी. संध्याकाळी गेवराईहून सुटायचं, चकलांब्याला मुक्काम करायचा आणि सकाळी परत यायचं. बेताची उंची, कातरलेली मिशी, खांद्यावर टॉवेल आणि शर्टाच्या खिशावर विनाअपघात सेवेचा बिल्ला. हा बिल्ला लग्नात, मयतीत, दळण आणताना, सगळीकडं असायचा. उकाड्यात शर्ट काढला की तो बनियनवर यायचा.

बप्पा रस्त्यानं पायी चाललेले असले आणि उजवीकडं वळायचं असलं की उजवा हात बाहेर काढत. मागं कोणी नसलं तरी. घरातून निघताना चपला घालून उंबऱ्यात थांबत. आतून काकूंनी ताटलीवर दोनदा पळी वाजवली की मगच पाऊल बाहेर. एकदा काकू माहेरी गेलत्या, तेव्हा बप्पा उंबऱ्यात बराच वेळ उभे दिसले. शेवटी मी समोरून सायकलची घंटी दोनदा वाजवली. त्यांनी मान हलवली आणि निघाले. आभार वगैरे काही नाही. कंडक्टरचे कोण आभार मानतं?

आणखी एक होतं. ते कुठूनही उतरायचे ते उजव्या बाजूनं, कारण डायवरचं दार उजवीकडं असतं. बाज असो, न्हाव्याची खुर्ची असो. उजवीकडं भिंत आली तर आधी बाज सरकवायची, मग उतरायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नर्स त्यांना टेबलाच्या डावीकडून खाली घेऊ लागली, तर डोळ्यावर पट्टी असताना हा माणूस उजवीकडं चाचपत विचारतोय, "दार कुठंय बाई?" नर्सनं डॉक्टरला बोलावलं. भूल डोक्यात गेली असं त्या दोघांचं मत पडलं.

गाडी चालवण्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. "टाइम गेला तर फुडं भरून काढता येतो. बंपर गेला तर डेपो मागतो." हे ते गाडीबद्दल सांगायचे, आणि गल्लीतल्या पोरींची लग्नं जमवतानाही सांगायचे. तिथं त्याचा अर्थ काय होतो हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आता त्यांच्या दुखण्याबद्दल. डायवर रिटायर होतो तेव्हा त्याच्या शेवटच्या फेरीला गाडी सजवतात. पुढं झेंडूची माळ, चाकाखाली नारळ. घरची बाई पहिल्या सीटवर बसते आणि वाटेतल्या गावांत लोक गाडी थांबवून फेटा बांधतात. काकू आयुष्यात कधी बप्पांच्या गाडीत बसल्या नव्हत्या. ड्यूटीवर घरचं माणूस नको, असा बप्पांचा नियम. माहेरी जायचं असलं तरी दुसऱ्या डायवरच्या गाडीनं. "शेवटच्या फेरीला बस," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि काकूंनी त्या दिवसासाठी एक हिरवी इरकल घडी न मोडता ठेवली होती. आणि रिटायर व्हायला थोडेच महिने उरले असताना तपासणीत बप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्याच दिवशी त्यांना गाडीवरून उतरवून टायर विभागात बसवलं. ऑपरेशन होऊन डोळा साफ झाला तोवर नोकरी संपली होती. ऑफिसात शाल आणि नारळ मिळाला. चकलांब्याची गाडी त्या संध्याकाळी दुसऱ्याच कुणी नेली. इरकलीची घडी तशीच राहिली.

पुढं एकदा हयातीच्या दाखल्यासाठी बप्पा माझ्या दुकानात आले. मी तेव्हा कामात होतो, म्हणजे बस चालवायचा गेम खेळत होतो. बप्पा खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मी सिग्नल तोडला, एक वळण सरळ गेलो आणि दुभाजकावर चढलो.

बप्पा म्हणाले, "उतर."

मी उतरलो. ते उजवीकडून वळसा घालून खुर्चीत बसले. दुकानाचा कॉम्प्युटर फॉर्म भरण्याच्या लायकीचा, त्यामुळं गाडी हलत नव्हती, फोटोमागून फोटो दिसत होते. बप्पांनी तरी ती हळूहळू कडेला घेतली, हँडब्रेक कुठाय ते विचारून लावला आणि बराच वेळ समोर बघत बसले. मग विचारलं, "ह्याला चांगली गाडी कोणती लागती?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला ही त्यांची चूक. मी इंजिनिअरिंग दोन वर्षं केलं, म्हणजे दोन वर्षं फी भरली, आणि बाकीचं शिक्षण मोबाइलवर व्हिडिओ बघून पूर्ण केलं. मी त्यांना प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं समजावलं. रॅम म्हणजे सीटा, जितकी जास्त तितकी माणसं आरामात बसतात, असं सांगितलं. बप्पांनी विचारलं, "उभे किती?" मी म्हणालो, तसं नसतं. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

बजेट काकूंनी ठरवलं. त्यांच्याकडं दोन शेळ्या होत्या, ठिपक्याठिपक्यांची कबरी आणि पांढरी चांदी, आणि एक बोकड होता. तिन्ही जनावरं आठवडी बाजारात गेली. जनावर विकलं तरी त्याचं दावं आणि घंटी घरातच ठेवायची हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून कबरीच्या गळ्यातली पितळी घंटी तेवढी काकूंनी खुंटीला अडकवली. येतील त्या पैशात मशीन बसवायची, त्याच्यापुढं काही नाही. काकू मला एवढंच म्हणाल्या, "इंजिनेर, ह्याच्यात एक फेरी हुईल ना पर? चकलांब्यापतूर?"

"काकू, विमान उडंल," मी म्हणालो.

बप्पा आणि मी संभाजीनगरला गेलो. जाताना ते डायवरच्या मागच्या सीटवर बसले आणि सगळ्या वाटेनं त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. दुकानदार तरुण होता, हसतमुख होता. तासाभरानं नुसता तरुण राहिला.

बप्पांनी नोकरीचे शेवटचे महिने टायर विभागात काढलेले. तिथला नियम असा की जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं रिमोल्ड टायर मागच्या चाकाला चालतं, पुढच्याला नाही. मागचं फुटलं तर गाडी बसते. पुढचं फुटलं तर गाडी जाते. त्यामुळं दुकानदारानं वस्तू समोर ठेवली की बप्पांचा एकच प्रश्न असायचा, "हे फुडचं चाक का मागचं?" दुकानदार पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं. पॉवर सप्लायपाशी आल्यावर मी सांगून टाकलं, मागचं आहे, स्वस्तातलं द्या. तर दुकानदार स्वतःच म्हणाला, "नाही काका, हे पुढचं. हे गेलं तर सगळं घेऊन जातं." त्यानंतर ते दोघं थेट एकमेकांशी बोलू लागले. मला चहा सांगितला.

पण बप्पांचंही सगळं बरोबर नव्हतं. प्रोसेसरवरचा पंखा त्यांना बारीक वाटला, त्याच्या जागी टेबलफॅन बसतो का म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. स्टिअरिंग बघून तर त्यांचा चेहराच उतरला. "हे रिक्षाचं हाय," म्हणाले. दुकानदारानं बसएवढं स्टिअरिंग कुठंच मिळत नाही हे शपथेवर सांगितलं, तेव्हा नाइलाजानं घेतलं.

मग डबा घ्यायची वेळ आली. साधा काळा पत्र्याचा डबा स्वस्त होता. बाजूला तो काचेचा, दिव्यांचा. बप्पा म्हणाले, "वरात काढायची का?" मी म्हणालो, बप्पा, ह्यानं हवा खेळती राहते. हवा आणि दिव्यांचा काही संबंध नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या हातून बसणारी ती पहिलीच मशीन, तिचा फोटो टाकायचा होता. डबा घेतला, आणि जे पैसे त्यात गेले ते ग्राफिक्स कार्डातून कमी झाले. कार्ड वापरलेलं घ्यावं लागलं. मी बप्पांना सांगितलं, हे मागचं चाक. दुकानदारानं ह्या वेळी मला खोटं पाडलं नाही.

घरी आल्यावर काकूंनी हिशोब विचारला. चांदी गेली प्रोसेसर आणि बोर्डात. कबरी गेली ग्राफिक्स कार्डात. बाकीचं सटरफटर बोकडात.

"आन् दिव्यात कोण गेलं?" काकूंनी विचारलं.

मी पाणी मागितलं.

मी मशीन जोडली. डाव्या बाजूनं गाड्या चालतात असा एक परदेशी मुलूख गेममध्ये होता, तिथली एक बारकी वाट निवडली आणि गाडीला लाल रंग दिला. चकलांबा अर्थातच त्यात नव्हता. एक चर्च होतं, एक पेट्रोल पंप, एक उतारावरचं वळण, पुढं एक गाव. बप्पांनी पहिल्याच दिवशी सगळ्याला नावं देऊन टाकली. पेट्रोल पंप म्हणजे जिनिंगचा थांबा. चर्च म्हणजे मारुतीचं देऊळ. शेवटचं गाव, जिथं कौलारू घरं आणि लाकडी कुंपणं होती, ते चकलांबा. "जरा सुधारलंय," म्हणाले.

पण गाडी झटके द्यायची. दोन पावलं चालायची, थबकायची, मग एकदम पुढं उडी. मी आधी दोष दिला व्होल्टेजला. मग इन्व्हर्टरला. मग काकूंनी डब्याच्या तोंडाला बांधलेल्या लिंबू-मिरचीला, कारण ती नेमकी हवा आत घ्यायच्या जाळीवर लटकत होती. काकूंनी ती कुरकुरत काढली. झटके तसेच. शेवटी मी कबरीलाच दोष दिला, वापरलेलं कार्ड असंच असतं म्हणालो. बप्पांची तक्रार नव्हती. त्यांच्या मते जुनी गाडी वढत नाही, तिला डायवरनं सांभाळून घ्यायचं असतं. ते रोज सरावाला बसायचे. शेवटची फेरी नीट व्हायला पाहिजे, मग काकूंना बसवायचं, आणि तोवर काकूंनी त्या खोलीत यायचं नाही.

आणि एक दिवस अपघात झाला. उताराच्या वळणावर चित्र थबकलं, आणि हललं तेव्हा बप्पांची गाडी समोरच्या कारवर चढलेली होती. गेमनं थोडा दंड कापला आणि गाडी परत रस्त्यावर ठेवली. पुढं जा, एवढं सोपं.

मी गेलो तेव्हा बप्पा ओट्यावर बसलेले. शर्टावर बिल्ला नव्हता. तो त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवला होता. सकाळपासून जेवले नाहीत असं काकूंनी खुणेनं सांगितलं.

बप्पांनी विचारलं, "कारमधी माणसं किती व्हती?"

"बप्पा, गेम हाय तो."

"गेम हाय ते मला कळतंय बे. माणसं किती व्हती?"

"कुणीच नव्हतं. रिकामी होती."

"मंग चालवत कोण व्हतं?"

कॉम्प्युटर चालवत होता असं म्हणणार होतो, पण मग त्याला लागलं का, असा पुढचा प्रश्न आला असता.

त्या दिवसापासून मशीनवर चादर पडली. बप्पा उंबऱ्यात थांबायचेही बंद झाले. काकूंनी ताटली वाजवायच्या आत निघून जात, किंवा निघतच नसत. उजवीकडं वळताना हात दाखवणं गेलं. माझ्या दुकानावरून जाताना ते दुसरीकडं बघायचे, आणि मी मॉनिटरमागं तोंड घालायचो. विमान उडवायचं कबूल केलं होतं, आणि ह्या माणसाची पायी चालायची ऐटसुद्धा मी घालवून बसलो होतो.

शेवटी काकूंनी मला बोलावलं. "घिऊन जा ते. इक. शेळीची एक पाट आली तरी बास."

मी चादर काढली आणि मागच्या वायरी उपसायला वाकलो. मॉनिटरची वायर हातात आली. ती जिथून आली ते भोक वर होतं, बोर्डाला. ग्राफिक्स कार्डाचं भोक खाली होतं. आणि त्याच्यावर दुकानदारानं लावून दिलेली रबरी टोपी जशीच्या तशी होती. म्हणजे इतके दिवस मॉनिटर कार्डाला जोडलेलाच नव्हता. सगळी गाडी एकट्या चांदीनं ओढली होती. कबरी बाजूला उभी होती, तोंडाला मुसकं बांधून.

हे मी काकूंना सांगितलं, कारण दुसरं कोणी खोलीत नव्हतं. त्यांनी ती टोपी बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "उपाशी ठिवलंस तिला."

टोपी काढली, वायर खाली लावली, गाडी चालू केली. लोण्यावरून चालल्यासारखी निघाली. मी बप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, असं गल्लीत सांगून जमायचं नाही. चकलांब्याहून त्यांचा जुना कंडक्टर मारुती येऊ दे. मारुती त्यांच्यासोबत त्या फेरीला कितीतरी वर्षं होता. पिचक्या गालाचा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तो गाडीनं आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला. बप्पांनी मला समोर उभं केलं.

"सांग. चूक डायवरची का गाडीची?"

"मेकॅनिकची," मी म्हणालो.

मारुतीनं विचारलं, "मेकॅनिक कोण?"

"मी."

"कावून केलं?"

"दिव्याकडं बघत होतो."

मारुतीनं मान हलवली. असले मेकॅनिक त्यानं पुष्कळ बघितले असावेत. मग तो आत गेला, देवळीतला बिल्ला आणला आणि बप्पांच्या खिशाला लावला. थोडा वाकडा लागला. बप्पांनी तो सरळ केला.

फेरी त्याच संध्याकाळी ठरली, गाडीच्या जुन्या टायमाला. काकूंनी मॉनिटरला झेंडूची माळ घातली. वरच्या बाजूनं ती पडद्यावर आली, म्हणून रस्त्याचा थोडा भाग झेंडूखाली गेला. बप्पा म्हणाले, चालंल, सजवलेल्या गाडीला असंच असतं. चाक नव्हतं, म्हणून नारळ दिव्याच्या डब्यापुढं फोडला. पाणी आत जाऊ नये म्हणून मी मधी ताट धरलं, हा माझा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा तांत्रिक सहभाग. मारुतीनं माळ्याच्या कडीतून सुतळी ओवली आणि तिच्या टोकाला खुंटीवरची कबरीची घंटी बांधली. बप्पांच्या मागं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवर काकू, हिरव्या इरकलीत. घडीच्या खुणा पदरावर दिसत होत्या. दुसरीवर मी. मारुती उभा. त्यानं माझ्याकडून तिकिटाचे पैसे घेतले. काकूंचे घेतले नाहीत.

बप्पा उजवीकडून खुर्चीत चढले. त्यांच्या उजव्या हाताला कपाट होतं, तिथून शिरायला पोट आत घ्यावं लागायचं, पण सवयीचं होतं. टॉवेलानं स्टिअरिंग पुसलं. थांबले.

मारुतीनं सुतळी दोनदा ओढली.

गाडी निघाली. झटका नाही, उडी नाही. जिनिंगचा थांबा आला तसं मारुतीनं मोठ्यानं नाव घेतलं, एकदा घंटी वाजवली, जरा थांबून दोनदा वाजवली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. देवळाशी बप्पांनी कपाळाला हात लावला, चर्चनं हरकत घेतली नाही. काकूंनी पुढं वाकून विचारलं, "हे कोणतं गाव आलं ओ?" बप्पा बोलले नाहीत. चालू गाडीत डायवरशी बोलायचं नसतं. मारुतीनं सांगितलं, "अजून फाटा हाय वैनी, बसा निवांत."

उताराचं वळण आलं तेव्हा काकूंनी बप्पांच्या खुर्चीची पाठ धरली. बप्पांनी गिअर खाली घेतला, हॉर्न दिला, समोरून येणाऱ्या कारला जागा दिली. कार निघून गेली. ती कोण चालवत होतं कोण जाणे, पण तिला जाताना बप्पांनी हात केला.

मग कौलारू घरं आली. "चकलांबा," मारुती म्हणाला, नेहमीच्या आवाजात, आणि एकदा घंटी वाजवली. बप्पांनी गाडी कुंपणाला लावली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. टॉवेलानं स्टिअरिंग परत एकदा पुसलं, कडेनं सगळीकडून, आणि तो टॉवेल त्यांनी खांद्यावर घेतला नाही, स्टिअरिंगवरच ठेवला.

मी उठून उजवीकडचं कपाट जरा सरकवायला लागलो, त्यांना उतरायला. बप्पांनी हातानं नको म्हटलं. खुर्चीत वळले, डावा पाय आधी खाली ठेवला, आणि डाव्या बाजूनं उतरले, जिथून प्यासिंजर उतरतात. काकूंना हात दिला. दोघं अंगणात गेली.

त्यानंतर ते त्या मशीनपुढं कधी बसले नाहीत. पुढं ती मीच घेतली, आणि काकूंच्या दारात परत एक शेळी आली. पण बप्पा म्हटलं की मला तेवढंच दिसतं, दारातून बाहेर जाणारी पाठ आणि शेजारी ती हिरवी इरकल. मागं मारुती सुतळी धरून उभा होता. गाडी रिकामी झाल्यावर त्यानं सवयीनं दोनदा घंटी वाजवली. गाडी हलली नाही.